नऊ मुलांचे घर

कोकणातील घर म्हटले की शहरात वाढलेल्या वाचकांच्या मनात लाल कौले, माडांची सावली, आंब्याफणसांचे ढीग आणि ओटीवरचा झोपाळा यांचे एक सुरेख चित्र उभे राहते. ते चित्र खोटे नव्हे. परंतु ते पाहुण्याने काढलेले आहे. वैशाखात येऊन मृगापूर्वी परत जाणाऱ्यास घर जसे दिसते तसे ते त्यात उतरले आहे. त्याच घरात बारा महिने राहून, एकामागून एक मुले वाढवून आणि त्यांच्या शिक्षणापायी शेवटी त्याच घरास कुलूप लावून जी कुटुंबे बाहेर पडली, त्यांपैकी एका कुटुंबाची हकीकत येथे सांगावयाची आहे. ते कुटुंब आमचे स्वतःचे आहे. तथापि दापोली, गुहागर, राजापूर या भागांतून आलेल्या अनेक वाचकांस ती आपल्याच घरची वाटेल, अशी आमची समजूत आहे.

आमचे गाव दापोली तालुक्यात, समुद्रकाठी. वडिलार्जित घर चार भावांत वाटले गेले आणि अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, वाट्यास दोन खण व अर्धी पडवी आली. दोन मुले पदरी होती, तिसरे होऊ घातले होते आणि बालपणीच वैधव्य येऊन माहेरी परतलेली आमची आत्या बरोबर होती. आगराच्या कडेची थोडी जागा अण्णांनी स्वतःच्या कमाईतून घेतली आणि १९३४ च्या सुमारास घरास हात घातला.

कोकणात घर बांधावयाचे म्हणजे प्रथम खाण पाहावयाची. जांभा दगड मोठा विलक्षण. जमिनीतून काढताना तो इतका मऊ असतो की टिकावाने त्याचे चिरे पाडता येतात. पुढे वारा लागून तो कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या इंग्रज सरकारच्या प्रवाशाने मलबारात हा दगड पाहिला आणि तो विटेसारखा कापतात म्हणून विटेच्या लॅटिन शब्दावरून १८०७ मध्ये त्यास 'लॅटराइट' असे नाव दिले. आमच्याकडील गवंड्यांस हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु खाणीतून काढलेला चिरा निदान एक पावसाळा उघड्यावर ठेवल्याखेरीज भिंतीत घालू नये, हे त्यांस पक्के ठाऊक होते. त्याप्रमाणे चिरे वर्षभर रचून ठेवले. लाकूड किंजळाचे आणि फणसाचे, कारण सागवान परवडणारे नव्हते. कौले मात्र मंगळुरी. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी मंगळुरास काढलेल्या कारखान्यापासून या कौलांचा प्रसार झाला आणि हळूहळू साऱ्या किनाऱ्यावरच्या जुन्या नळ्यांची जागा त्यांनी घेतली. आमची कौले गलबताने हर्णैस उतरली आणि तेथून बैलगाडीने आली.

घराचा नकाशा अण्णांचा. पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर, त्याच्या एका अंगास देवघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. माजघराच्या दुसऱ्या अंगास, सर्व बाजूंनी बंद, अशी बाळंतिणीची खोली. वारा लागू नये म्हणून ती अंधारी ठेवण्याची जुनी चाल होती. या एका ठिकाणी आत्या आडवी आली. एरवी ती कोणत्याच व्यवहारात बोलत नसे. तिला बोलावे असे कोणी म्हणतही नसे. परंतु चौथऱ्यावर दोरी धरलेली असताना ती तेथे येऊन अण्णांस म्हणाली, "जुन्या घरातल्या त्या खोलीत दोन बाळंतिणी गेलेल्या मी पाहिल्या. या खोलीस खिडकी नसेल तर मी या घरात पाऊल टाकणार नाही." अण्णा रागावले, दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी गवंड्यास पूर्वेकडे खिडकी सोडावयास त्यांनी सांगितले.

त्या खोलीत पुढे नऊ बाळंतपणे झाली. आईस एकंदर अकरा मुले झाली, नऊ वाढली. आमचा क्रमांक सातवा. खिडकीमुळे किती वाचली हे सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही; पण आई स्वतः वाचली ती त्या खिडकीमुळे, असे ती जन्मभर म्हणत असे.

घर बांधणे एकदाचे होते; घर चालविणे रोजचे. त्यात पुरुषांचा भाग किती आणि बायकांचा किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही. घरात खाणारी माणसे चौदा-पंधरा. तांदूळ रोज दीड-दोन पायल्या लागे. सकाळी मुलांस पेज किंवा मऊभात, वर मेतकूट. दुपारी भात, आमटी आणि परसातील जे असेल ते. मे महिना हा पाहुण्यांच्या लेखी आंब्यांचा, आईच्या लेखी आगोटीचा. मृगाचा पाऊस एकदा सुरू झाला म्हणजे चार महिने बाहेरून काही येणार नाही असे धरून चालावयाचे. आमसुले वाळवावयाची, साठे व फणसपोळ्या घालावयाच्या, कुळीथ निवडावयाचे, पापड-सांडगे करावयाचे, लाकूडफाटा व शेणी माळ्याखाली रचावयाच्या, पावसाच्या बाजूच्या भिंतीस झापे बांधावयाची. पाऊस सरला की अंगण खणून, चोपून पुन्हा नवे करावयाचे. जमीन सारवणे तर आठवड्याचेच. आमच्या बहिणींचे बालपण या कामांत गेले. आम्हां मुलग्यांच्या वाट्यास पोफळीच्या बागेत पडलेल्या सुपाऱ्या वेचणे आणि रहाटाच्या बैलामागे चालणे एवढेच काम होते, आणि तेही टाळून पोफळीच्या विरीवर एकमेकांस बसवून ओढीत नेण्यात आम्ही वेळ घालवीत असू.

विहिरीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. समुद्र इतका जवळ असूनही तिचे पाणी गोड होते, आणि चैत्र-वैशाखात शेजारच्या वाडीतील विहिरी आटल्या किंवा मचूळ झाल्या की तेथील बायका आमच्याकडे येत. अण्णांच्या हयातीत पहिली काही वर्षे त्यांस पाणी वरून वाढले जाई. त्यांचा हात दोरीस लागत नसे. ही गोष्ट आज लिहितानाही लाज वाटते. ते बंद केले आईने. व्याख्यान देऊन नव्हे. एका उन्हाळ्यात ती गरोदर होती, पाणी शेंदणे तिच्याने होईना, आणि तिने सरळ दोरी त्यांच्या हाती दिली. ती पुन्हा परत घेतली नाही.

मुले मोठी होऊ लागली तसे घर रिकामे होऊ लागले. गावात मराठी शाळा होती. इंग्रजीसाठी दापोली, आणि त्यापुढे पुणे किंवा मुंबई. आमच्या भागास हे नवे नव्हते. शेजारच्या मुरूड गावचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यास पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक मुलास पाठ असे. आमचा थोरला भाऊ, दादा, अकराव्या वर्षी दापोलीस गेला. तेथून पुण्यास, तेथे वार लावून जेवला. पावसाळ्यात आगबोटी बंद होत, म्हणून मुलांस मे सरण्यापूर्वी परतावे लागे. हर्णैस बोट दूर उभी राही आणि पडावातून तिच्यापर्यंत जावयाचे. आई बंदरावर कधीच येत नसे. निरोपाच्या दिवशी ती मुद्दाम एखादे मोठे काम काढून बसे.

दादामागून दुसरा, त्यामागून तिसरा. ताईचे मात्र सातवीनंतर लग्न झाले; तिच्याइतकी बुद्धी आम्हां भावांत कोणास नव्हती, हे दादा स्वतः सांगत असे. त्या चुकीची भरपाई म्हणून की काय, धाकट्या बहिणीस अण्णांनी हिंगण्यास कर्व्यांच्या संस्थेत शिकावयास ठेवले. प्रत्येक मूल गेले की माजघरातील अंथरूणांची रांग एकाने आखूड होई. ज्यांच्यासाठी खण वाढविले त्यांस शिकवून बाहेर धाडणे हेच आईबापांचे कर्तव्य होते, आणि ते त्यांनी इतके चोख बजावले की घरात राहावयास कोणी उरले नाही.

पुष्कळ लोक या रिकामेपणाचे खापर कुळकायद्यावर फोडतात. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ या दिवसापासून कसणारी कुळे जमिनीची मालक ठरली. आमची भातशेती त्यात गेली. घरातील वडील मंडळी त्यास अन्याय म्हणत. आम्ही म्हणत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडविला त्यांच्या नावे तो झाला. शिवाय त्या तारखेस आमचे तीन भाऊ आधीच नोकरीस लागलेले होते. जमीन राहिली असती तरी ती कसावयास परत कोण येणार होते?

अण्णा १९७१ मध्ये वारले, आत्या त्यानंतर चार वर्षांनी. आई एकटी आणखी चार वर्षे राहिली. १९७९ च्या दिवाळीनंतर दादा तीस डोंबिवलीस आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडी घेऊन गेला. निघताना तिने देवांचा संपुष्ट, नारळ खवण्याची विळी आणि कौलारातून काढलेले एक कौल एवढेच घेतले. कौल कशास, असे विचारता म्हणाली, "असू दे." ते पुढे बारा वर्षे तिच्या खाटेखाली होते. शेजारच्या वाडीतील एका बाईकडे तिने तुळशीपुढे दिवा लावण्याचे काम सोपविले, आणि त्या बाईने ते तेलाच्या पैशांची आठवण न करता चालविले.

आम्ही भावंडे मे महिन्यात जात असू. म्हणजे स्वतःच्याच घरी आम्ही पाहुणे झालो. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण होऊन खेड स्थानकापर्यंत जाणे सोपे झाले. परंतु जाणे सोपे झाले म्हणून राहणे वाढले नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले. रायगड आणि दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा त्याने काही तासांत आडव्या केल्या. आमच्या पोफळीच्या रांगांस नावे होती: दादाच्या मुंजीची रांग, ताईच्या लग्नाची रांग. त्यांतील उभी राहिलेली झाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पोफळ लावल्यापासून फळ धरण्यास सहा ते आठ वर्षे लागतात, आणि आमच्यांत सर्वांत धाकट्याचे वय सत्तरीपुढे. घर विकावे असे ठरले.

येथपर्यंतची हकीकत दुःखाची असली तरी सरळ आहे. पुढची तशी नाही. अण्णा वारल्यावर वारसनोंदीचा जो अर्ज आम्ही केला त्यात आईचे आणि आम्हां पाच भावांचे नाव होते. चार बहिणींची नावे लिहिण्याचे आम्हांस सुचले नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीचा वाटा दिलेला होता. त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने मात्र, पुरुष वारस वाटणी करीपर्यंत, राहत्या घराची वाटणी मागण्यास तीस मनाई केली होती; ते कलम २००५ च्या दुरुस्तीने गेले. आम्हांस यांतले काही ठाऊक नव्हते असे नव्हे. आमचा एक भाऊ वकील होता.

२०२१ मध्ये घेणाऱ्याच्या वकिलाने बहिणींची हक्कसोडपत्रे मागितली. आम्ही कागद घेऊन ताईकडे गेलो. ती नव्वदीच्या घरात होती, दृष्टी अधू झालेली. तिने कागद वाचून घेतला आणि विचारले, "अरे, हक्क सोड म्हणता, म्हणजे तो होता ना? मग ही पन्नास वर्षे तो कोठे होता?" आम्हांपाशी उत्तर नव्हते. मग ती म्हणाली, "त्या घराची जमीन मी सातव्या वर्षापासून सारवली. तुमच्यापैकी एकाने तरी एकदा सारवली आहे काय? मला पैसे नकोत. आधी आम्हां चौघींची नावे लावा. मग मी विकणाऱ्यांत सही करीन, सोडणाऱ्यांत नाही."

दोन बहिणी तोपर्यंत निवर्तल्या होत्या. त्यांच्या मुलांची नावे लागली. दादाही नव्हता. एकंदर एकवीस नावे झाली आणि नोंदी होण्यात वर्ष गेले. घेणारे गृहस्थ कंटाळले, परंतु थांबले. खरेदीखत लिहिताना ताईने एकच अट घातली, ती अशी की, शेजारच्या वाडीस विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क कायम राहील आणि त्यासाठी आगरातून पायवाट मोकळी ठेवली जाईल. घेणारा प्रथम तयार नव्हता. ताईने सही करण्याचे नाकारले. तिच्या सहीवाचून व्यवहार पुरा होत नव्हता, ही गोष्ट त्या घराच्या इतिहासात प्रथमच घडत होती. अट खतात लिहिली गेली.

गेल्या वैशाखात आम्ही त्या बाजूस गेलो होतो. घर आता पर्यटकांच्या निवासासाठी चालते. सारवलेल्या जमिनीवर फरशी आली आहे आणि बाळंतिणीच्या खोलीत दोन पलंग आहेत. पूर्वेची खिडकी आहे तशीच आहे. रहाट काढून विजेचा पंप बसविला आहे. विहिरीच्या कठड्यावर मात्र दोरी आणि पोहरा होता, आणि पायवाटेवर ओल्या घागरींचे पाणी सांडलेले होते.