हक्काचा आधार – भाग ७ : खुर्चीचे पैसे कोण देणार?

मागच्या आठवड्यात दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड कसं काढायचं ते आपण पाहिलं. ते हाती आल्यावर पालकांचा पहिला प्रश्न असतो : पोराची खुर्ची, स्प्लिंट, डायपर हे सगळं आमच्या आरोग्य विम्यात बसतं का?

बहुतेक वेळा बसत नाही. आरोग्य विम्याची रचनाच रुग्णालयातल्या खाटेभोवती झालेली आहे. सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेल्या मुलाचं आयुष्य मात्र घरात, शाळेत आणि थेरपी सेंटरमध्ये जातं. विमा नियामक प्राधिकरणाने ६८ ऐच्छिक बाबींची एक यादी केली आहे. डायपर, स्प्लिंट, नेब्युलायझर किट, चालण्याची साधनं, घरी वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर, सगळं तिच्यात आहे. ऐच्छिक म्हणजे पैसे द्यायचे की नाहीत, ते कंपनी ठरवणार. म्हणून पॉलिसी घेतानाच ही यादी मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा.

मग करायचं काय? तीन ठिकाणी अर्ज करायचे, आणि कोणत्या ठिकाणी काय मिळतं याची गल्लत होऊ द्यायची नाही.

पहिली ‘निरामय’ योजना. राष्ट्रीय न्यासाची ही योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणीही नाही. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला नोंदणीसाठी २५० रुपये, इतरांना ५०० रुपये. बाह्यरुग्ण उपचार, औषधं आणि नियमित थेरपी यांचा खर्च तिच्यात येतो; त्या-त्या खर्चाला वेगळी मर्यादा आहे. पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर दावा करायचा. म्हणून थेरपीची प्रत्येक पावती सही-शिक्क्यासह घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी तिला जोडून ठेवा. खुर्ची आणि स्प्लिंट मात्र इथे मिळत नाहीत.

त्यासाठी दुसरी, ‘एडिप’ योजना. केंद्र सरकारच्या या योजनेत व्हीलचेअर, सीपी चेअर, कॅलिपर, श्रवणयंत्र अशी साधनं मिळतात. कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी त्यातली बरीच साधनं बनवते. ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. शिबिरात आधी मोजमाप होतं, वाटप नंतर. एकदा साधन घेतलं की तेच पुन्हा मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र ही मुदत एकाच वर्षाची आहे. मूल वाढतं, खुर्ची वाढत नाही. तेव्हा मुलाचे पाय आखडायला लागण्याची वाट न पाहता वर्ष सरताच अर्ज करा.

तिसरी आयकरातली वजावट. जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीखाली पालकांना ७५,००० रुपये, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपये वजा करता येतात. प्रत्यक्ष खर्च याहून कमी झाला तरी वजावट पूर्ण मिळते.

इतकं करूनही महिन्याच्या डायपरचं बिल घरच्यांच्याच अंगावर पडतं. हा खर्च चैनीचा नाही. डायपर नसेल तर मूल शाळेत जाऊ शकत नाही. विम्यात त्याला जागा मिळायलाच हवी, आणि ती मागणी पालकांनी एकत्र येऊन केली पाहिजे. तोवर एक काम आजच करा : एक फाइल काढा, तिच्यात प्रमाणपत्राच्या प्रती, चिठ्ठ्या आणि पावत्या तारखेनुसार लावा. दावा फेटाळला गेला, तर कारण लेखी मागा आणि तो कागदही त्याच फाइलमध्ये ठेवा.