पत्त्यांतील अभय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ जे नित्य खेळतात, त्यांच्यात ज्या कलमांवरून वारंवार हुज्जत पडते ती बहुधा संरक्षणाची असतात, आणि याचे कारण ती कलमे दुर्बोध आहेत हे नसून, संरक्षण म्हणजे सर्वांगी कवच अशी समजूत मनाशी धरूनच आपण ती वाचतो, हे आहे. वस्तुतः नियमावली कोणासही कवच बहाल करीत नाही. ती काही नेमक्या कृत्यांना मज्जाव करते, आणि ज्या कृत्याचा त्या मज्जावात उल्लेख नाही त्याला वाट मोकळी असते.

पहिल्याच आवृत्तीतील ‘व्हाइट नाइट’ घ्या. दोन बळाच्या आणि दोन सहनशक्तीच्या या पांढऱ्या योद्ध्यास काळ्या रंगापासून ‘प्रोटेक्शन’ आहे, म्हणून काळा पत्ता त्याचे काहीच वाकडे करू शकत नाही, असे नवखा खेळाडू खुशाल गृहीत धरतो. परंतु प्रोटेक्शनने मिळते ते एवढेच : काळ्या पत्त्यापासून होणारी इजा टळते, काळा ऑरा (दुसऱ्या पत्त्याला जडविण्याचा मंत्र) त्याला जडत नाही, काळा क्रीचर (लढणारा जीव) त्याची चढाई अडवू शकत नाही आणि काळा मंत्र त्याला लक्ष्य करू शकत नाही. आता ‘पेस्टिलन्स’ हा काळा पत्ता सर्व क्रीचरांना सरसकट एकेक इजा करतो, कोणाला लक्ष्य करीत नाही. तरी ती इजाच असल्यामुळे आपला योद्धा निर्धास्त उभा राहतो. उलट २००७ सालचा ‘डॅम्नेशन’ हाही तितकाच काळा आणि तितकाच सरसकट. पण तो ना लक्ष्य करतो ना इजा, तो पटावरील यच्चयावत क्रीचर केवळ नष्ट करतो, आणि नष्ट करण्याला त्या चौकडीत मज्जावच नसल्याने व्हाइट नाइट इतरांबरोबर मुकाट्याने स्मशानात जातो. ‘डायबॉलिक एडिक्ट’ तर याहून धूर्त : त्याचे लक्ष्य योद्धा नसतो, त्याचा धनी असतो, आणि त्या धन्यास स्वतःच्या हाताने एका क्रीचरचा बळी द्यावा लागतो, पदरी एकच योद्धा असेल तर निवड कसली करणार? २००९ सालच्या ‘प्रोजेनिटस’ला तर यच्चयावत वस्तूंपासून प्रोटेक्शन आहे, आणि तरीही डॅम्नेशनपुढे त्याचा पटावरचा मुक्काम संपतो.

प्रोटेक्शन फक्त प्रतिपक्षाविरुद्ध चालते, ही दुसरी समजूत. ते रंग पाहते, मालकी पाहत नाही. त्यामुळे व्हाइट नाइटच्या धन्याने आपलाच ‘अनहोली स्ट्रेंग्थ’ हा काळा ऑरा त्याच्यावर चढवू म्हटले, तरी त्याची तजवीज फसते. आपपरभाव जाणतो तो ‘हेक्सप्रूफ’. २०११ च्या संचात हा शब्द नियमावलीत रुजू झाला. प्रतिपक्षाला लक्ष्य करण्याची मनाई आणि धन्यास पूर्ण मुभा, असे त्याचे स्वरूप आहे. त्याच्या आधीचा ‘श्राउड’ दोघांनाही सारखाच दूर ठेवीत असे, आणि माझ्या मते खेळाच्या दृष्टीने तोच अधिक न्याय्य होता. कारण ‘स्लिपरी बोगल’ या एक बळ, एक सहनशक्तीच्या क्षुद्र जीवावर ऑरांची रास रचून त्याला अजिंक्य करण्याचा जो उद्योग पुढे बोकाळला, तो श्राउडच्या अमलात संभवलाच नसता. मात्र हेक्सप्रूफ इजेला रोखत नाही : सर्व क्रीचरांना दोन-दोन इजा करणारा ‘पायरोक्लाझम’ नुसत्या, ऑरा न चढविलेल्या बोगलला आरामात गारद करतो.

‘इन्डिस्ट्रक्टिबल’विषयीचा भ्रम तर फारच जुना, ‘डार्कस्टील’ या २००४ च्या संचाइतका. नष्ट करण्याचा हुकूम आणि प्राणघातक इजा या दोहोंनी असा क्रीचर नष्ट होत नाही, हे खरे. परंतु ‘स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स’ने त्याला खेळाबाहेर हद्दपार केले, वा कोणी त्याची सहनशक्ती उणे करीत शून्यावर आणली, तर त्याला दाद मागण्यास जागा राहत नाही. अकरा बळाचा ‘डार्कस्टील कोलोसस’ एका पांढऱ्या मान्याच्या (पत्ता खेळण्यास मोजाव्या लागणाऱ्या शक्तीच्या) स्वोर्ड्सने जातो, आणि धन्याच्या पदरी सांत्वनादाखल अकरा प्राणबिंदू पडतात.

राहता राहिला २०२१ मध्ये ‘स्ट्रिक्सहेवन’बरोबर आलेला ‘वॉर्ड’, ज्याला पुष्कळ जण सौम्य हेक्सप्रूफ समजतात. हेक्सप्रूफ ही वेस आहे आणि ती बंद आहे. वॉर्ड हा वेशीवरचा जकातनाका. प्रतिपक्षाला लक्ष्य करण्याची पूर्ण मोकळीक असते; मात्र लक्ष्य केल्यावर ठरलेली जकात भरली नाही, तर त्याचा मंत्र रद्द होतो. आता २०१२ च्या ‘अब्रप्ट डिके’वर हा मंत्र रद्द करता येणार नाही असे स्पष्ट छापलेले आहे, म्हणून तो तीन किंवा त्याहून कमी मान्याच्या, वॉर्ड असलेल्या क्रीचरवर एक पैही न भरता लागू पडतो, पण समोर बोगल असला, तर हाच मंत्र प्रतिपक्षाच्या हातात निरुपयोगी पडून राहतो, कारण रद्द होण्याचा प्रश्न मंत्र टाकल्यानंतरचा, आणि येथे लक्ष्य म्हणून बोगलचे नावच घेता येत नाही.