चिखलातले खूर, रक्तातल्या खुणा

गाय निवांत रवंथ करतेय. तोंडाला लाळ नाही, खुरात जखम नाही. तरी डॉक्टर मानेच्या शिरेतून रक्त का घेतात? लाळ्या-खुरकूताचा विषाणू ओसरला, तरी त्याच्याविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं रक्तात महिनोन्महिने राहतात. जनावर निघून गेल्यावरही चिखलात खुरांचे ठसे राहावेत तशी. प्रयोगशाळेत 96 खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत विषाणूचं प्रथिन चिकटवतात, त्यावर रक्तातला पिवळसर द्रव सोडतात. प्रतिपिंडं असली तर चिकटून बसतात आणि शेवटच्या रसायनाने खळगा रंगतो.

पण लस टोचलेल्या गाईतही प्रतिपिंडं असणारच! इथली युक्ती फार सुंदर आहे. विषाणू पेशीत वाढताना काही जादा प्रथिनं बनवतो. लशीत मारलेला, शुद्ध केलेला विषाणू असल्याने ती जवळजवळ नसतात. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तर खरा विषाणू येऊन गेल्याचा दाट संशय.