गोधडीवरचं घर

आजच्या भागात बोलूया कलेच्या कार्यशाळांबद्दल. चित्रकलेचे क्लास नव्हेत बरं का. घरातल्या मारहाणीबद्दल बोलता यावं म्हणून वस्तीतल्या बायका एकत्र बसून जे करतात, ते.

आधी एक आकडा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त 14 टक्के जणींनी मदत मागितली. बाकीच्या बहुतेक जणी कुणापाशी बोलल्याच नाहीत. ‘नवरा मारतो का?’ असं तोंडावर विचारलं, तर कोण हो म्हणेल?

मुंबईत ‘स्नेहा’ या संस्थेनं 2015 मध्ये धारावी बिएनाले भरवलं. त्यातल्या एका कार्यशाळेत बायकांनी धारावीचा कापडी नकाशा केला आणि हिंसा कुठे होते ते त्यावर दाखवलं. हात सुईदोऱ्यात आणि नजर कापडावर असली की बोलणं सोपं जातं. शेजारणीचा तुकडा बघून कळतं, हे फक्त आपल्याच नशिबी नाही.

आता हेच नांदेड-लातूरकडे करायचं तर? गोधडी आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. पण एक गोष्ट बदलावी लागेल. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून डेटाच्या नजरेनं सांगतो. धारावीत लाखो माणसं, एका ठिपक्यावरून घर ओळखू येत नाही. मुखेड किंवा औसा तालुक्यातल्या छोट्या गावात मारुतीच्या देवळाशेजारी लाल तुकडा लावला, की घर कुणाचं ते अख्ख्या गावाला कळतं. संध्याकाळी मार तिलाच. म्हणून गावाचा नकाशा नको, एका मनातल्या घराचा करा: चूल, न्हाणी, ओसरी, शेताची वाट. तुकड्यावर नाव नाही, मोबाइलवर फोटो नाही. सगळ्या जणी हो म्हणाल्या तरच प्रदर्शन.

आणि गोधडी शिवून मार थांबत नाही. बोलती झालेली बाई रात्री त्याच घरात जाते. म्हणून समुपदेशक पहिल्या दिवसापासून सोबत हवी. तिनं कायदाही सांगावा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं, तरी तिथे राहायचा हक्क बाईला आहे. संरक्षण अधिकाऱ्याला शेजारीणसुद्धा कळवू शकते.

महिला हेल्पलाइन 181, तातडीनं पोलीस हवे असतील तर 112. हे दोन नंबर लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.