पथ्याला सुट्टी असावी का?

सोमवारची सकाळ माझ्या दवाखान्यात वजनकाट्याची असते. आठवडाभर पथ्य पाळणारी मंडळी त्या दिवशी काट्यावर उभी राहतात. चपला काढतात, काहीजण तर मनगटावरचे घड्याळ आणि खिशातल्या किल्ल्याही टेबलावर काढून ठेवतात. गेल्या लग्नसराईत अशाच एका सोमवारी बावन्न वर्षांच्या एक गृहिणी आल्या. नाव सांगण्याचे कारण नाही. दवाखान्यात मी त्यांना वहिनी म्हणतो, इथेही तेच म्हणतो. गुडघे दुखतात, आठ वर्षांपासून मधुमेह, उंची पाच फूट आणि वजन ७८ किलो. तीन महिने नेटाने पथ्य करून त्यांनी ते ७४ वर आणले होते. मधल्या शनिवार-रविवारी पुतण्याचे लग्न झाले. हळद, लग्न, पंगती, वर आलेल्या पाहुण्यांचा आग्रह. सोमवारी काटा ७५ किलो ६०० ग्रॅम दाखवू लागला.

"डॉक्टर, तीन महिने कोरड्या भाकरीवर काढले ते दोन दिवसांत पाण्यात गेले. आता मला नुसत्या गोळ्या द्या. हे पथ्य-बिथ्य बंद."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मला मात्र त्यांच्या वजनापेक्षा त्या शेवटच्या वाक्याची धास्ती वाटली. दोन वर्षांपूर्वी हेच घडले होते. तेव्हाही पाच किलो उतरवून त्या दिवाळीला सामोऱ्या गेल्या, फराळ झाला, काटा वर गेला आणि लाजेपोटी त्यांनी दवाखान्याची पायरी चढणेच सोडले. आठ महिने मुलाला पाठवून जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या नेत राहिल्या. परत आल्या त्या पायाच्या अंगठ्याची जखम घेऊन. उपाशीपोटीची साखर २८६ होती. जखम भरायला अडीच महिने लागले. अंगठा वाचला, एवढेच. हे दिवाळीच्या लाडवांनी केले नव्हते. लाडवांनंतरच्या आठ महिन्यांनी केले होते.

म्हणून आजचा विषय. वजन कमी करताना मनसोक्त खाण्याचा एखादा दिवस ठेवावा की नाही, हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. तरुण मुले त्याला 'चीट डे' म्हणतात. म्हणजे फसवणुकीचा दिवस. कोण कोणाला फसवतो हे मात्र मला अजून नीट कळलेले नाही.

आधी वहिनींच्या त्या दीड किलोचा हिशेब करू. शरीरात एक किलो चरबी साठण्यासाठी गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जादा पोटात जाव्या लागतात. दीड किलोला साडेअकरा हजार. जेवणाची पंगत कितीही जंगी असली तरी दोन दिवसांत रोजच्या गरजेच्या वर एवढे खाणे मधुमेही बावन्न वर्षांच्या बाईला शक्य नाही. मग काटा खोटे बोलला का? नाही. पण त्याने चरबी मोजली नव्हती. भात, पोळ्या, जिलबी यांतली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. पथ्यामुळे हा साठा कमी झालेला असतो, तो पंगतीत एकदम भरतो. त्यात लोणचे, पापड, मसालेभात यांतले मीठ आणखी पाणी अडवते. शिवाय आतड्यात असलेले अन्न, तेही काट्यावर चढतेच. पुन्हा नेहमीचे जेवण सुरू केले की यातले बरेचसे चार-पाच दिवसांत उतरते. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभे राहणे म्हणजे पावसात भिजलेले धोतर तराजूत घालण्यासारखे आहे.

मग दर आठवड्याला एक दिवस मोकळीक द्यायला काय हरकत आहे, असे कोणी म्हणेल. इथे बेरीज-वजाबाकी नीट केली पाहिजे. समजा, एखाद्या गृहस्थाची रोजची गरज २,००० कॅलरी आहे आणि सहा दिवस तो १,५०० वर राहतो. आठवड्याला ३,००० कॅलरींची बचत झाली. रविवारी सकाळी मिसळ-पाव, दुपारी मटण, भाकरी, वर भात आणि दोन गुलाबजाम, संध्याकाळी भजी, रात्री उरलेला रस्सा व आईस्क्रीम. हे सहज ३,८०० च्या घरात जाते. म्हणजे गरजेपेक्षा १,८०० जास्त. बचत उरली १,२००, म्हणजे चरबीच्या हिशेबात दीडशे-एक ग्रॅम. काहीच नाही असे नाही. पण रविवार कधी एकटा येत नाही हो! शनिवारी रात्री तो सुरू होतो आणि सोमवारी सकाळी फ्रीजमधल्या पातेल्यात अजून बाकी असतो. मग बचत शून्यावर येते आणि माणूस म्हणतो, "सहा दिवस उपाशी राहतो तरी वजन हलत नाही."

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझे स्वतःचे वजन ८६ किलोवर गेले होते. रोग्यांना उपदेश करायची लाज वाटू लागली तेव्हा मी पथ्य सुरू केले आणि मोठ्या हुशारीने रविवार मोकळा ठेवला. पहिले दोन महिने बरे गेले. नंतर लक्षात आले की बुधवारपासूनच मी रविवारचा विचार करू लागलो आहे. रविवारी भूक असो-नसो, 'आज नाही खाल्ले तर पुन्हा सात दिवस नाही' या हिशेबाने खात होतो. एकदा रात्री दहाला, पोट भरलेले असताना, डब्यातला शेवटचा पेढा मी केवळ बारा वाजायच्या आत संपवायचा म्हणून खाल्ला. सौभाग्यवतींनी ते पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या आठवड्यापासून मी रविवार बंद केला.

व्यायामशाळेत जाणारी मुले सांगतात की असा एक दिवस खाल्ल्याने शरीराची 'भट्टी' पुन्हा पेटते. त्यात अंशमात्र तथ्य आहे. कमी खाताना लेप्टिन नावाचे संप्रेरक घटते, एक-दोन दिवस भरपूर पिष्टमय पदार्थ खाल्ले तर ते काही काळ वाढते. पण त्यामुळे जास्तीचे जे इंधन जळते ते खाल्लेल्या जास्तीच्या अन्नापुढे किरकोळ असते.

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली जाते. किमान १३-१४ किलो वजन घटवून ते वर्षभर तरी टिकवून धरलेल्या माणसांची त्यात नोंद होते. २००४ साली या मंडळींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जे आठवड्याचे सातही दिवस साधारण सारखेच खात होते, त्यांचे वजन पुढच्या वर्षभरात टिकून राहण्याची शक्यता, फक्त कामाच्या दिवशी कडक राहणाऱ्यांपेक्षा दीडपट दिसली. एका नोंदवहीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. तरी माझ्या दवाखान्यातला अनुभव याच बाजूचा आहे.

आता आपल्याकडचे पाहू. हा मोकळ्या दिवसाचा विचार ज्या देशांतून आला तिथे मेजवान्या मोजक्या असतात. आपल्या घरचे कॅलेंडर भिंतीवरून काढा आणि पेन घेऊन बसा. संक्रांत, होळी, पाडवा, अक्षय्य तृतीया, आखाडातली आमंत्रणे, नागपंचमी, पोळा, गणपती, गौरी, दसरा, कोजागिरी, दिवाळीचे चार-पाच दिवस, गावची जत्रा. त्यात लग्ने, बारशी, वाढदिवस. मी आमच्या घरचे मोजले तेव्हा चाळीसच्या वर गेले, आणि त्यात रविवार धरले नव्हते. ज्याच्या पंचांगातच एवढ्या सुट्ट्या आहेत त्याने आणखी ५२ मागून घेऊ नयेत.

आणि उपवास! 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आपल्या आजीला ठाऊक होते. पाऊण वाटी कोरडा साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट, दोन चमचे तूप, थोडा बटाटा, एवढ्याची खिचडी ५०० कॅलरींच्या पुढे जाते. म्हणजे ज्वारीच्या अडीच भाकरी. प्रथिने बेताची, पिष्टच पिष्ट. हा दिवस पथ्याचा समजून कित्येकजणी त्यावर वेफर्स आणि राजगिऱ्याची वडी खातात.

मग सणाला गोड खायचेच नाही का? असे मी म्हणणार नाही, आणि म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. अतिकडक पथ्याचे काय होते हे जुन्या एका प्रयोगातून जगाने पाहिले आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे चौथाईने घटले. त्यांना दिवसरात्र अन्नच दिसू लागले, आणि पुढे खायला मिळाल्यावर काहीजण पोट तुडुंब भरूनही थांबू शकले नाहीत. भुकेला असे चिडवू नये. रोजच्या जेवणात डाळ, उसळ, अंडे किंवा मासा, पोटभर भाजी आणि एक-दीड भाकरी असेल, तर रविवारची वाट पाहावी लागत नाही.

माझा सल्ला असा की मोकळीक जेवणाला द्यावी, दिवसाला नव्हे. महिन्यात अशी दोन-तीन जेवणे, तीही कॅलेंडरवर आधी खूण करून. पाडव्याला श्रीखंड खायचे तर बसून, ताटात वाढून, चव घेत खावे. मात्र सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण नेहमीचेच ठेवावे. खरी अडचण सणाच्या दिवसाची नसते, सणानंतरच्या डब्यांची असते. फराळाचे डबे तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतात आणि येता-जाता हात आत जातो. सन २००० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या सणासुदीच्या दीड महिन्यात माणसांचे वजन सरासरी ४०० ग्रॅमपेक्षाही कमी वाढलेले आढळले. पण ते पुढे उतरले नाही. अशा दहा दिवाळ्या गेल्या की शर्टाची बटणे लागेनाशी होतात. तेव्हा फराळ कमी करा, किंवा तिसऱ्या दिवशी वाटून टाका. घरातल्या बायकांनी 'वाया जाईल' म्हणून शिल्लक संपवण्याची जबाबदारी स्वतःच्या पोटावर घेऊ नये.

काहींना ही मोकळीकही विचारून घ्यावी लागते. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन जेवण टाळले तर साखर धोकादायक खाली येते, म्हणून रात्री मेजवानी आहे म्हणून दुपारी उपाशी राहू नये आणि गोड खाल्ले म्हणून मनाने गोळी वाढवू नये. हृदय कमकुवत असलेल्यांना किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यांना लोणच्या-पापडाचे एक जेवणही रात्री धाप लावू शकते. आणि ज्यांना एकदा सुरू केले की थांबताच येत नाही, जे लपून खातात व नंतर रडतात, त्यांना मोकळा दिवस देऊ नये आणि रागावूही नये. तो हावरटपणा नसून आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत. वजनाच्या नव्या इंजेक्शनांची चौकशी करणारेही हल्ली येतात, त्यावर पुढे कधीतरी.

वहिनींना त्या दिवशी मी एवढेच सांगितले, की पुढच्या सोमवारपर्यंत काट्यावर उभे राहायचे नाही, आज दुपारपासून नेहमीचे जेवण, आणि काहीही झाले तरी सोमवारी यायचे. त्या आल्या. काटा ७४ किलो २०० वर होता. दोनदा उतरून पुन्हा चढून पाहिले त्यांनी.

परवा पुन्हा आल्या होत्या, वजन आता ७१. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "डॉक्टर, गणपती जवळ आले. मोदक किती?"

"दोन. आणि त्या जेवणात भात नाही."

"घरात मोदक मी करायचे आणि दोन खायचे? पाच."

तीनवर तडजोड झाली.