गच्चीवर बाग लावण्याआधी

बेळगावचा जुलै तुम्हाला सांगायला नको. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि येता-जाता छताकडे बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लागते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी आज्जीच्या खोलीत, तिच्या कॉटच्या बरोबर वर, ताटाएवढा ओला डाग दिसला. आठवड्याभरात पोपडे पडू लागले. कॉट हॉलमध्ये आली आणि घरात एकच चर्चा सुरू झाली, चूक कुणाची?

चूक माझी होती. त्याच्या आदल्या वर्षी मीच हौसेनं गच्चीवर बाग केली होती. विटांचे वाफे बांधून सरळ कोब्यावर फूटभर माती टाकली. त्याआधी एका ठेकेदाराकडून पांढरा वॉटरप्रूफ रंग मारून घेतला होता. "दहा वर्षं बघायला नको," असं तो म्हणाला आणि मी पुढं काहीच विचारलं नाही. दिवसभर ऑफिसात लोकांना शंभर प्रश्न विचारणारा माणूस घरच्या कामात मात्र गप्प बसला.

माती उपसली तेव्हा कठड्याच्या कोपऱ्यातल्या भेगेत केसासारखी बारीक मुळं शिरलेली दिसली. पक्ष्यांनी आणलेलं उंबराचं रोप होतं, वर वीतभरसुद्धा नव्हतं. गंमत म्हणजे ही भेग आज्जीच्या कॉटपासून चांगली दहा फूट लांब होती.

पाणी एवढं लांब कसं गेलं?

आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. त्यात एकदा पाणी शिरलं की ते विटांमध्ये मुरतं, उताराच्या दिशेनं सरकतं आणि स्लॅबला जिथं वाट मिळेल तिथं खाली उतरतं. म्हणून डागाच्या बरोबर वर डागडुजी करून अनेकदा उपयोग होत नाही. त्यात वर बाग असेल तर भेग शोधायला सगळी माती काढावी लागते.

उघड्या गच्चीवरचा रंग ऊन-पावसासाठी असतो. पाणी पडतं, वाहून जातं, गच्ची वाळते. मातीखाली ती कधीच पूर्ण वाळत नाही. त्यात मुळं आणि खुरपी. पण दुसरी बाजूही आहे. मातीखाली ऊन लागत नाही, त्यामुळे योग्य थर नीट घातला तर तो उघड्या थरापेक्षा जास्त टिकतो.

आधी वजन

थराच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार माणसांचा वावर असलेल्या सपाट छतावर चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरतात. फूटभर ओल्या मातीचं वजन ५०० किलोच्या पुढं जातं! माझा वाफा किती धोक्याचा होता, हे मला गळतीमुळे कळलं. आता आम्ही कोकोपीट, शेणखत आणि थोडी माती असं मिश्रण फक्त चार इंच घातलंय, तेही इंजिनिअरनं आखून दिलेल्या जागेतच.

मग थर कुठला?

सिमेंट-पॉलिमरचा दोन डब्यांचा लेप स्वस्त पडतो. बाथरूमला चालतो, पण मुळांना तो अडवू शकत नाही.

पातळ पॉलियुरेथेन ब्रशनं लावतात. सांधा राहत नाही, पाइपांच्या भोवती छान बसतं. मात्र जाडी लावणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते आणि खालचा पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो. बागेखाली वापरायचं तर मुळं अडवण्याची खात्री कंपनीकडून लेखी घ्यावी, नाहीतर वर वेगळा मूळरोधक थर घालावा.

ईपीडीएम रबरातून मुळं सहसा जात नाहीत, पण त्याचे सांधे चिकटवलेले असतात आणि मुळं नेमका सांधाच शोधतात. लहान गच्चीवर अखंड तुकडा बसत असेल तर चांगलं.

पीव्हीसी किंवा टीपीओ शीटचे सांधे गरम हवेनं वितळवून जोडतात, ते पक्के होतात. मशीन आणि सराव असलेला माणूस हवा. पीव्हीसी जुन्या डांबरावर थेट टाकू नये, मध्ये जाड कापडी थर लागतो.

डांबरी शीट गॅसच्या बर्नरनं तापवून चिकटवतात. साध्या डांबरी शीटमध्ये मुळं घुसतात. बागेसाठी मूळरोधक प्रकार वेगळा मिळतो, तोच मागायचा.

आम्ही ही शेवटची निवडली, दोन थरांत, वरचा ४ मिलिमीटरचा मूळरोधक. एक कारण म्हणजे हे काम रोज करणारी माणसं इथं मिळतात. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. ही शीट पृष्ठभागाला पूर्ण चिकटते, त्यामुळे उद्या कुठं भोक पडलं तरी पाणी तिच्याखाली फार फिरत नाही आणि भोक जवळच सापडतं. त्यासाठी जुना कोबा काढून १०० ला १ उताराचा काँक्रीटचा थर करावा लागला. खर्चाचा मोठा भाग तिथंच गेला.

आग्रह कशाचा धरायचा

शीट कठड्यावर, मातीच्या पातळीच्या किमान सहा इंच वर चढवून घ्या. कोपऱ्यात आधी गोलाई करून घ्या, काटकोनात शीट फाटते.

माती टाकण्याआधी पाण्याच्या वाटा बंद करून गच्चीवर ४८ तास पाणी साठवा. आमचा मिस्त्री म्हणाला, "साहेब, पाऊस येणारच आहे, तेव्हा कळेलच की!" बाबांनी शांतपणे सांगितलं, "पावसात कळलं तर आईची कॉट परत हॉलमध्ये न्यावी लागेल." पाणी भरलं. टाकीच्या पाइपाजवळ एक सांधा सुटलेला निघाला. तो तासाभरात दुरुस्त झाला. माती टाकल्यावर त्याच सांध्यासाठी अख्खी बाग उचलावी लागली असती.

शीटवर संरक्षक थर, त्यावर पाणी वाहून नेणारी उंचवट्यांची प्लॅस्टिक शीट, मग माती अडवणारं जिओटेक्स्टाइल आणि शेवटी माती, असा क्रम. पाण्याच्या वाटेभोवती फूटभर नुसती खडी ठेवा. वाफे सुटे ठेवा, म्हणजे गरज पडली तर एकच उचलता येतो. पिंपळ-उंबराचं रोप दिसलं की त्याच दिवशी उपटायचं, हे काम आमच्याकडे मुलांचं आहे.

मेथी, कोथिंबीर, पुदिना आणि आज्जीच्या हट्टानं अबोली, एवढंच लावलंय. गेला पावसाळा कोरडा गेला. आज्जीची कॉट तिच्या खोलीत परत गेली आहे. झोपण्याआधी ती एकदा छताकडे बघते आणि सकाळी मी.