कादंबरीतील श्रीमंती आणि गरिबी

कादंबरी ही करमणुकीची वस्तू आहे, असा समज आपल्या विद्यार्थ्यांत आढळतो. परंतु वास्तववादी कादंबरी हा तिच्या काळाचा जमाखर्च असतो. हिशेबात एकाच्या खाती रक्कम जमा झाली, की ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडतेच. एकाची श्रीमंती व दुसऱ्याची गरिबी या अशाच एका हिशेबाच्या दोन बाजू आहेत, हे चांगला कादंबरीकार दाखवितो.

अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली. काळ इंग्रजी अमदानीतील दुष्काळाचा. मांगवाड्यात चूल पेटत नाही आणि दुसरीकडे धान्याचे साठे कुलपात आहेत. फकिरा ते धान्य लुटून उपाशी माणसांत वाटतो. सरकारदप्तरी तो दरोडा ठरतो. लेखक मात्र आपणांस विचारावयास लावतो, की धान्य असताना माणसे उपाशी का?

आपल्या भागातील उदाहरण म्हणजे लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१). गंगाराम शिंप्याच्या संसाराची कहाणी त्याची पत्नी पार्वती आपल्या बोलीत सांगते. गंगारामच्या हाती कसब आहे, कष्टाची तयारी आहे. परंतु पोट गावाच्या हाती आहे. गावाने पाठ फिरविली, की संसाराचा पाचोळा होतो. गरिबी म्हणजे पैशाची चणचण एवढेच नसून आपली भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर असणे होय, हे येथे कळते.

दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात हाच कार्यकारणभाव आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी व चोरीतून हिंसा वाढली. कूटदंत सुत्तात उपायही आहे: शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल, नोकरास वेतन द्यावे. अर्थात, गरिबी हे नशीब नव्हे. तिला कारण आहे आणि कारण दूर करता येते.

म्हणून विद्यार्थ्यांनी कादंबरी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. कष्ट कोणाचे? लाभ कोणाचा? आणि कोठाराची किल्ली कोणाकडे? गरिबाची नुसती कीव करणारे पुस्तक डोळ्यांत पाणी आणते. कारण दाखविणारे पुस्तक डोळे उघडते. असे एक तरी पुस्तक प्रत्येकाने या वर्षी वाचावे व घरातील मंडळींना वाचून दाखवावे, ही विनंती.